मागची बोट

"चेट्टा, जरा जोरात घ्या ना!" सुगतन तिसऱ्यांदा म्हणाला.

"घेतोय की," पुष्करन म्हणाला. तो शेजारचाच, म्हणून सगळे त्याला चेट्टा, म्हणजे दादा म्हणायचे. "कालव्यात जलपर्णी किती माजलीय, दिसत नाही का? मस्कतचा रस्ता आहे होय हा!"

आलप्पुळाचा बोटींचा धक्का मागे पडला. सुगतन मांडीवर बॅग घेऊन बसून राहिला. विमानात काय खाल्लं, तेही आठवत नव्हतं.

परवा अम्माच्या नंबरावरून फोन आला आणि आवाज निघाला अच्छनचा, वडिलांचा. सुगतनने आपल्या मनाने लग्न केलं, तेव्हापासून नऊ वर्षं बापलेकांचं बोलणं बंद होतं. दर शुक्रवारी बोलायची ती अम्माच.

"ये," अच्छन म्हणाले.

"बरं नाही का तुम्हाला? अम्माला द्या."

"झोपलीय ती. तू ये."

म्हाताऱ्याचं काही खरं नाही, हे सुगतनने तिथेच ताडलं. एरवी मोडेल पण वाकणार नाही, असला माणूस. बिचारी अम्मा त्याच्या उशाशी बसून असणार. त्याचे डोळे मिटण्याआधी एकदा 'चुकलं' म्हणायचं होतं. तेवढं जमलं तरी पुरे.

"चेट्टा, खरं सांगा. अच्छन गेले ना?"

परदेशातून येणाऱ्याला वाटेत कुणी खरं सांगत नाही, हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

"काहीतरीच काय बोलतोस! बघ, घाटावर उभा असेल तुझा बाप. उशीर केला म्हणून मलाच फैलावर घेईल." पुष्करन पाण्याकडे बघत बोलत होता.

मागून छपराची एक मोठी बोट येत होती. तिचं इंजिन दांडगं, तरी ती पुढे काढत नव्हती. आत भावकीतली चार-पाच माणसं गप्प बसली होती. चुलतभाऊ राजप्पनशी नजरानजर झाली, पण त्याने हातसुद्धा केला नाही.

"त्यांना तरी पुढे जाऊ द्या."

"आपल्याकडेच येतायत. येऊ देत सावकाश."

अच्छनना दवाखान्यात न्यायला असणार. म्हणजे जीव आहे अजून! सुगतनला जरा धीर आला.

"या चालीवर अम्मा खूश झाली असती," तो म्हणाला. "बोटीत बसली की डोळे गच्च मिटायची आणि 'हळू रे, हळू रे' करत सगळ्यांना वात आणायची."

पुष्करनने खांद्यावरच्या पंच्याने तोंड पुसलं. पुसतच राहिला.

वळण आलं, भाताची खाचरं आली आणि घाट दिसला. पायऱ्यांवर पांढरं मुंडू लुंगीसारखं नेसून अच्छन उभे होते. ताठ, आपल्या पायांवर.

बोट टेकायच्या आत सुगतनने उडी मारली. पाण्यातून धडपडत वर गेला आणि बापाच्या गळ्यात पडला. "चुकलं माझं, अच्छन. चुकलं." नऊ वर्षांचं रडू एकदम बाहेर आलं.

अच्छननी त्याच्या पाठीवर हात ठेवला. हातात चांगला जोर होता. मग त्यांनी त्याला अलगद बाजूला केलं, शेवटच्या पायरीवर उतरले आणि मागच्या बोटीला ओरडून म्हणाले, "हळू आणा रे! तिला बोटीत चक्कर येते."