डॉक्टरांची हेल्पलाइन

‘आम्हाला आजारी तुम्हीच पाडताय, साहेब,’ डॉक्टर दीक्षा रुग्णालयाच्या अधीक्षकांपुढे उभ्याउभ्याच म्हणाली. मानसोपचार विभागाचा गाडा ती महिनाभर एकटीच ओढत होती. झोप पार उडालेली. परवा चुकीचं इंजेक्शन देता देता ती थांबली. हातून काही विपरीत घडण्याआधी चार दिवस रजा हवी होती. साहेबांनी चहा फुंकला. ‘रजाच हव्या होत्या तर आयटीत जायचं होतंत, डॉक्टर. आणि आपल्या डॉक्टरांचं मन मोकळं व्हावं म्हणूनच हेल्पलाइन काढलीय ना? स्वारगेटपर्यंत फलक लागलेत. लावा की फोन.’ तिनं तिथंच नंबर लावला. रिंग तिच्याच ॲप्रनच्या खिशात वाजली. हेल्पलाइनचा मोबाइल गेल्याच आठवड्यात आपणच तिच्या गळ्यात मारला होता, हे साहेब साफ विसरले होते. तिनं तो वाजणारा मोबाइल त्यांच्या चहाशेजारी ठेवला. ‘डॉक्टरचाच फोन आहे, साहेब. सांगा आता, हा उचलायचा कोणी?’