स्वयंपाकघराची भिंत

"रंगात पाणी घातलंत तुम्ही," तपासनीस म्हणाले. "मला शिकवू नका."

रंगारी स्टुलावरून खाली उतरला. स्वयंपाकघराच्या भिंतीवर पांढऱ्या रंगाचे तीन हात मारून झाले होते, तरी चुलीच्या वर तपकिरी डाग फुटलेच होते. "साहेब, धूर मुरलाय भिंतीत. खरवडलं, धुतलं, तरी आतून वर येतो."

"मुरतो म्हणे!"

संशय हा तपासनिसांचा धंदाच होता. गोदामात आलेल्या पोत्यांतून मूठभर दाणे काढायचे आणि ओल, खडे, भेसळ पकडायची, यात त्यांची हयात गेली. घरी आलं तरी ती खोड सुटत नसे. दूधवाला चोर, शिंपी चोर. गेल्या महिन्यात बायकोला दम लागतो म्हणून दवाखान्यात नेलं. ती बाहेर बाकावर बसलेली असताना डॉक्टरबाई यांना म्हणाल्या, "घरातली चूल बंद करा. गॅस घ्या, नाहीतर विजेची शेगडी. धुराने छाती खराब झालीय त्यांची. अजून धूर गेला तर जड जाईल."

झालं! डॉक्टरबाईंचं आणि शेगडीवाल्याचं साटंलोटं आहे, हे यांनी जिना उतरता उतरता ठरवून टाकलं. "माझी आई जन्मभर चुलीपुढे बसली," असं वर ऐकवूनही आले होते. ती पंचेचाळिशीत खोकून खोकून गेली, हे मात्र सांगितलं नाही. बायकोला म्हणाले, "काही नाही झालेलं. औषध घे." आणि स्वयंपाकघर उजळलं की तिला बरं वाटेल म्हणून रंगारी बोलावला. माणूस वाईट नव्हता हो, पण विश्वास ठेवायचा म्हटलं की त्यांच्या पोटात दुखायचं.

"थांबा," ते आता रंगाऱ्याला म्हणाले. "नमुनाच घेऊ."

ते स्वतः दुकानात गेले, तेही नेहमीच्या नव्हे. नवा डबा आणला, झाकण आपल्या हाताने उघडलं. एकाच ब्रशने एक पट्टा स्वयंपाकघरात मारला, एक झोपायच्या खोलीत. दोन्हींखाली पेन्सिलीने वेळ लिहिली आणि मधल्या दारात खुर्ची टाकून बसले. रंगारी पायरीवर जाऊन बसला. अंगणात बायको तीन विटांवर पातेलं ठेवून चूल फुंकत होती. तिला ढास लागली, तेव्हा ही रंगाऱ्यासमोर मुद्दाम खोकते की काय, असंही यांच्या मनात येऊन गेलं.

दुपार कलल्यावर ते उठले. झोपायच्या खोलीतला पट्टा पांढराशुभ्र होता. स्वयंपाकघरातला तपकिरी झाला होता, या कडेपासून त्या कडेपर्यंत. डबा तोच, ब्रश तोच, हातही त्यांचाच. त्यांनी पुन्हा पुन्हा पाहिलं. पकडायला कोणी सापडेना.

"किती वर्षांचा असेल हा धूर?" त्यांनी हळूच विचारलं.

"लग्नाला किती वर्षं झाली तुमच्या?"

"बावीस."

"मग तेवढाच." रंगाऱ्याने ब्रश फडक्याला पुसला. "भिंतीवर तेलाचा रंग देतो साहेब, झाकून जाईल. पण बघा ना, भिंत काही श्वास घेत नाही. तरी किती आत गेलाय."

अंगणात पुन्हा ढास लागली. या वेळी ती थांबेचना. तपासनीस बाहेर धावले. त्यांनी बायकोच्या हातातली फुंकणी काढून घेतली, बादलीतलं पाणी चुलीत ओतलं आणि तिला हाताला धरून उठवलं. त्यांना रडू येत होतं.

"अहो, हे काय! शिजायचंय अजून!"

"राहू दे. चूल बंद आजपासून. आत्ता जाऊन शेगडी आणतो. तू नुसती बसून राहा. मी करीन काय ते."

बायकोने श्वास सावरला. बावीस वर्षांत या माणसाने तिला असं हाताला धरून उठवलं नव्हतं. ती त्यांच्या डोळ्यांकडे निरखून बघत राहिली.

"खरं सांगा," ती म्हणाली. "डॉक्टरबाईंनी माझे किती दिवस सांगितलेत?"