चारशे बारा मिलिमीटर

"हा आकडा खोडायचा का, काका?" मी जुनी नोंदवही त्यांच्यापुढे सरकवली. नव्या पुलाची उंची ठरवण्यासाठी मी नदीच्या खोऱ्यातले मोठे पाऊस तपासत होते. काकांच्या पर्जन्यमापकाची एकच नोंद कुठेच बसत नव्हती. एका दिवसात चारशे बारा मिलिमीटर! अक्षर वेगळं, खाली सहीही नाही.

काका ओशाळले. "त्या दिवशी मी पुरामुळे पलीकडे अडकलो होतो. हिनं मोजला. एवढा पाऊस कधी पडतो का, म्हणून मी हिला बोललोसुद्धा. पण हिचं अक्षर खोडवेना."

"मागच्या पुठ्ठ्यावर बघा," काकू दारातून म्हणाल्या. "काचेचं माप भरलं की मी ते ओतून द्यायची आणि एक रेघ मारायची."

मी वही उलटली. पेन्सिलीच्या वीस रेघा. एका मापात वीस मिलिमीटर, म्हणजे चारशे. कडेला लिहिलं होतं, 'शेवटच्या मापात बाराच.'

"काकू, पुलाची उंची आता तुमच्या आकड्यावर ठरणार."

काकांनी खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं आणि वही बायकोपुढे धरली.

"घे. तेहतीस वर्षं सही राहिलीय तुझी."