स्टीलचा पेला

सेटवरच्या दिवाणखान्यात श्रीमंत थोरल्या बहिणीने पाहुण्यांपुढे नाजूक फुलांचे कप ठेवले आणि गावाहून आलेल्या धाकटीच्या हातात स्टीलचा पेला दिला. धाकटीने ओशाळून हसायचं आणि मग घरोघरी प्रेक्षकांनी खदखदून हसायचं, असा तो विनोदी मालिकेतला प्रसंग होता.

धाकटीचं काम करणारी शैला हसलीच नाही. तिने उठून शोकेसमधला कप काढला, पदराने पुसला आणि पेल्यातला चहा त्यात ओतून घेतला. "ताई, एकाच आईच्या आहोत गं आपण," ती म्हणाली.

"कट!" दिग्दर्शक खेकसला. "हे कुठे लिहिलंय? पुन्हा असं केलंस तर पुढच्याच भागात धाकटीला गावी पाठवतो, कायमची!"

शैलाला गेली दिवाळी आठवली. सख्ख्या बहिणीच्या फ्लॅटवर, पाहुण्यांदेखत, असाच पेला तिच्या हातात आला होता आणि ती अशीच ओशाळून हसली होती.

तिने कप विसळून परत शोकेसमध्ये ठेवला, पुढच्या टेकसाठी.

"खुशाल पाठवा, सर. पण चहा मी कपातूनच पिणार. आमची ताई ही मालिका रोज बघते."