दोनच उरल्या होत्या

वॉर्डच्या दाराशी तिने पिशवीतून दोन्ही कादंबऱ्या काढल्या आणि पुन्हा आत कोंबल्या. मघाशी वाचनालयातही हेच चाललं होतं. शेवटी ग्रंथपालबाई कंटाळून म्हणाल्या होत्या, दोन्ही न्या बाई, पण मला कुलूप लावू द्या.

एक सातशे पानांची, दुसरी जेमतेम एकशेवीस. दोन्ही बाबांच्या लाडक्या जपानी लेखकाच्या. भाषांतरात मिळत होत्या बारा, त्यातल्या नऊ तिने बाबांना वाचून दाखवल्या होत्या. बाबा जन्मभर पुस्तकं बांधत आले. पहिली तेवढी त्यांनी स्वतः वाचलेली; ती त्यांच्याकडे बांधणीलाच आली होती आणि शिवायच्या आधी, सुट्या पानांतच त्यांनी तिचा फडशा पाडला होता. डोळ्यांनी दगा दिल्यापासून मात्र रोज संध्याकाळी वीस पानं लेक वाचायची आणि ते ऐकायचे.

सकाळी डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं, फार तर दोन आठवडे. हे बाबांच्या कानावर जाऊ द्यायचं नाही, असं तिने तिथल्या तिथे ठरवलं. तेव्हापासून डोकं नुसते भागाकार करत होतं. पातळ पुस्तक सहा दिवसांत संपेल, पण आता एवढंसं पुस्तक पुढे केलं तर बाबा काय ते ओळखतील. जाड घेतलं तर अर्ध्यावरही पोचायचं नाही, आणि अर्धवट सोडलेल्या पुस्तकाचा तर बाबांना भारी राग. इकडे आड, तिकडे विहीर. दारातून जाणाऱ्या नर्सने दुसऱ्यांदा वळून पाहिलं, तशी ती आत शिरली.

बाबा उशीला टेकून बसले होते. पावलं ओळखून त्यांनी हात पुढे केला. तिने दोन्ही पुस्तकं त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी जाड पुस्तकाच्या पाठीवरून अंगठा फिरवला आणि नाक मुरडलं. शिवण नाही, नुसता गोंद, म्हणाले. हल्लीच्या लोकांना कामाची लाज म्हणून नाही.

"मग, कुठलं घ्यायचं?" त्यांनी विचारलं.

"जाडं घेऊ," ती पटकन म्हणाली. "सावकाश वाचू की. घाई कुठे आहे?"

बाबांचा अंगठा थांबला.

नऊच्या नऊ वेळा दोघं यावरून भांडले होते. घसा तिचा बसायचा, शाळेतल्या पोरांचे पेपर तपासायचे राहायचे, आणि पुस्तक संपलं की चार दिवस सुट्टी मिळायची, म्हणून ती दर वेळी पातळ मागायची. बाबा जाडासाठी हटून बसायचे. आज भांडणच झालं नाही. हे तिच्या ध्यानात आलं तेव्हा उशीर झाला होता.

"डॉक्टर काय म्हणाले?"

सुधारणा आहे, असं तिने सांगितलं. आवाज तिचा तिलाच परका वाटला. बाबांनी वाद घातला नाही. त्यांनी चाचपून पातळ पुस्तक उचललं आणि तिच्या हातात दिलं.

"हे वाच. रोजची वीसच पानं, जास्त नाही."

मग तिची पिशवी मागून घेतली. तोंड सापडेना, तरी तिला हात लावू दिला नाही. स्वतःच शोधून जाड पुस्तक आत सरकवलं.

"हे तुला राहू दे. नंतर शाळेतून आलीस की वाचत जा." पिशवी तिच्याकडे देत म्हणाले, "आणि मनातल्या मनात नको, मोठ्याने वाच. घर फार शांत असेल."