डावखुरा

चावडीत सयाजी खाली मान घालून उभा होता. परवा त्याला साताऱ्याला लष्कराच्या भरतीला जायचं होतं. आज वडूजच्या ठाण्यात नाव गेलं, की भरती संपली.

पोलीस पाटील मानसिंग कागद पुढ्यात घेऊन बसले होते. शेजारी बागायतदार लालासाहेब, हात गळ्यात बांधलेला. त्र्याहत्तरचा उन्हाळा, गावात पाणी उरलेली एकच विहीर, तीही याच्या मळ्यात. पाण्याला आलेल्या बायकांना तो वाटेत अडवायचा. बायकांनी पाटलांकडे दोनदा गाऱ्हाणं नेलं. पाटलांनी दोन्ही वेळा 'बघतो' म्हणून वेळ मारून नेली. मोठ्या माणसाशी वाकडं कोण घेणार?

काल भरदुपारी, घोंगडं पांघरून तोंड बांधलेल्या कुणीतरी त्याला त्याच वाटेवर बडवलं.

हे सोंग कुठून आलं ते सगळ्यांना ठाऊक होतं. जत्रेतल्या तंबूत आठवडाभर एकच सिनेमा चालू होता. त्यातला भित्रा शिंपी तोंड बांधतो, काठी तीनदा आपटतो आणि गुंडांना झोडपतो. कालच्यानंही काठी तीनदा आपटली. तोंडातून मात्र शब्द काढला नाही.

"काठी डाव्या हातात हुती," लालासाहेब म्हणाला. "गावात डावखुरा ह्यो एकटाच. लिवा नाव."

पाटलांनी जमलेल्या गड्यांना विचारलं. सिनेमातल्या शिंप्याची काठी उजव्या हातात, यावर सगळ्यांचं एकमत. म्हणजे डावा हात मारणाऱ्याचा स्वतःचा. सयाजी आईच्या शपथा घेत राहिला. पाटलांना त्याची दया आली, पण त्यांचाही इलाज नव्हता. जेवून आलो की कागद ठाण्यात धाडतो, असं सांगून ते उठले.

घरी राहीबाईंनी ताट वाढलं. नवऱ्याचं सगळं बोलणं ऐकून घेतलं.

"शिंप्याची काठी डाव्याच हातात हुती," त्या म्हणाल्या.

"उजव्या गं. समद्या गड्यांनी बघितलंय."

"समद्या बायकांनी डाव्या हातात बघितलीया."

पाटलांचा घास हातातच राहिला. तंबूत पडदा मधोमध होता. पुरुष पुढून बघायचे आणि बायका पडद्यामागून. मागून सगळं उलटं दिसतं.

म्हणजे काठी धरणारी बाईच होती. आता गावातली एकेक बाई चावडीत उभी करावी लागणार. "कुनाकुनाला बोलवू मी?" ते पुटपुटले.

राहीबाईंनी त्यांच्या ताटात आणखी आमटी वाढली.

"कुनालाच नगं. सयाजीला सोडा, आन् कागद हितंच घिऊन या. माजं नाव तुमास्नी लिवता येतंय."