चिंचेचा फोक

परसातल्या वाळलेल्या चिंचेत करवत शिरली आणि भुशासोबत हिंगाचा वास सुटला.

"मालक, ही आपोआप नाही मेली," झाड पाडायला आलेला गडी म्हणाला. "कुणीतरी बुंध्याला भोक पाडून हिंग भरलाय."

रंगनाथनं दारात उभ्या बायकोकडे पाहिलं. आमटी खारट झाली की तो याच चिंचेचा ओला फोक तोडून अनसूयेची पाठ सोलून काढायचा. हिंगाच्या डबीला घरात तिच्याशिवाय कुणी हात लावत नव्हतं.

त्यानं फांदी मोडली आणि धावत जाऊन तिच्या पाठीत घातली. पहिल्याच फटक्याला वाळक्या फांदीचे तुकडे झाले. साधा वळही उठला नाही.

तो दुसरी उचलायला वाकला. अनसूयेनं भिंतीला टेकवलेली गड्याची कुऱ्हाड उचलली.

"ही मोडायची नाही," ती म्हणाली.